पुतळे झाले, आता गोठे आणि पेवेही जपा

महोदय,

सहलींचा हंगाम सुरू झाला की आमच्या सांगली-मिरजेकडच्या शाळांच्या बस कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाकडे वळतात. तिथल्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयातले बारा बलुतेदार, शेतात राबणारी माणसे, गुरेढोरे यांचे सिमेंटचे पुतळे इतके हुबेहूब आहेत की पोरे बैलाच्या पाठीवर हात फिरवून खात्री करून घेतात. हे काम मोठे आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सिमेंटचा बैल एकदा घडवला की पावसापाण्यातही उभा राहतो. तो ज्या गोठ्यात बांधला जायचा, तो मातीचा गोठा मात्र दोन पावसाळे लक्ष दिले नाही तर बसतो.

किल्ले, देवळे, वाडे यांच्यासाठी निदान ओरड तरी होते. गोठा, धान्याची विणलेली कणगी, घरातले धान्याचे बळद, खळ्याकडेची खोप यांना कोण विचारतो? साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर राहिली, कारण ती चिरेबंदी आणि राजघराण्यातली. साध्या शेतकऱ्याच्या विहिरीवरचे मोटेचे पाणी पडायचे थारोळे आणि मोट ओढणाऱ्या बैलांची धाव बुजवून तिथे मोटारीची पेटी कधी बसली, हे गावालाही आठवत नाही.

आमच्या दारचेच उदाहरण घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ठेवत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि खाली घट्ट मातीत कोरलेली खोली. हळद भरून तोंड लिंपले की आत हवा जात नाही, आणि हवा नाही म्हटल्यावर कीडही जगत नाही. माल वर्षानुवर्षे टिकायचा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. २००५ च्या महापुरात पाणी शिरले, कित्येक पेवे खचली आणि माल गोदामांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिला नाव मिळवून देणारे पेव मात्र आज तिथल्या पोरांना दाखवायचे म्हटले तर शोधत फिरावे लागते. पेव उचलून संग्रहालयात नेता येत नाही. ते जागेवरच राखावे लागेल, आणि त्यात हळद भरावी लागेल. रिकामे पेव म्हणजे नुसता खड्डा.

स्टॉकहोमचे स्कान्सेन हे खुले संग्रहालय १८९१ पासून चालू आहे. ठिकठिकाणची जुनी घरे सुटी करून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्यातली सर्वांत जुनी वास्तू कुणा सरदाराची गढी नाही. ते नॉर्वेतल्या एका शेतावरचे चौदाव्या शतकातले लाकडी कोठार आहे. आपल्याकडे कोठाराला ‘अडगळ’ म्हणतात आणि पहिला घाव त्याच्यावरच पडतो.

रोजगार हमीतून पक्का गोठा मिळतो, तो शेतकऱ्याने जरूर घ्यावा. जनावर कोरड्यात उभे राहिलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की जुना पाडण्याआधी त्याची मापे घ्या, फोटो काढा. जिल्ह्यातल्या आर्किटेक्चरच्या मुलांना हे काम द्या. जनावरांच्या मानेने घासून गुळगुळीत झालेला गव्हाणीचा काठ, दावणीचे खुंटे, कणगीच्या तळाशी धान्य काढायचे भोक आणि त्यात कोंबलेला चिंधीचा बोळा, या गोष्टी कुठल्याही नकाशात येत नाहीत. दर तालुक्यातला एखादा चांगला गोठा तुळया-खांबांवर आकडे टाकून सोडवावा आणि कणेरीसारख्या ठिकाणी तसाच जोडावा. त्यात खरी जनावरे बांधावीत, शेजारच्या कणगीत खरी ज्वारी भरावी.

खरा खर्च त्यानंतरचा आहे. पावसाळ्याआधी शाकारणी, वरचेवर सारवण, वाळवी लागलेला वासा बदलणे. उद्घाटनाला पैसा मिळतो, शाकारणीला मिळत नाही, असा आपल्याकडचा रिवाज. म्हणून अशा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद आधी दिसावी आणि कणग्या विणणारे, छपरे शाकारणारे जे थोडे लोक उरले आहेत, त्यांना वर्षभराच्या पगारावर ठेवावे. मोसमापुरते बोलावले तर त्यांची मुले हे काम शिकायची नाहीत.

हरिपुरातले निदान एक पेव येत्या हंगामात हळदीने भरले जावे, यासाठी सांगलीच्या बाजार समितीने आणि व्यापाऱ्यांनी पुढाकार घ्यावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक वाचक, ता. मिरज, जि. सांगली