नोटिशीची मुदत फुलोऱ्याआधी संपावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खासगी जागेतील उपद्रवी तण काढण्याची जबाबदारी जागामालकावर टाकणारे स्थानिक नियम आवश्यकच आहेत, कारण तणाचे बी कुंपणाशी थांबत नाही. मात्र या नियमांतील मुदत तणाच्या वाढीशी जुळत नसेल, तर नियम पाळूनही तण वाढतच राहते.

गाजरगवताचेच पाहा. पुरेशी ओल मिळाली की उगवल्यापासून साधारण ४ आठवड्यांत ते फुलावर येते. एका झाडाला १०,०००हून अधिक बिया धरू शकतात आणि मातीत गाडल्या गेलेल्या बिया काही वर्षे उगवणक्षम राहतात. आमच्या शेजारच्या मोकळ्या भूखंडाबद्दल मी तक्रार केली तेव्हा रोपे जमिनीला चिकटलेली होती आणि माती ओली असल्याने सहज मुळासकट उपटता आली असती. परंतु मालकाला ३० दिवसांची मुदत मिळाली आणि मजूर आले तोवर सगळा भूखंड बारीक पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता. त्यांनी विळ्याने कापणी करून ढीग तिथेच टाकला. कागदोपत्री तक्रार निकाली निघाली, पण बी तिथेच झडले आणि राहिलेल्या बुडख्यांना नवे धुमारे फुटले. या तणाने ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा दमा बळावतो, त्यांना हा विलंब किती महागात पडतो हे वेगळे सांगायला नको.

काही नियमांत गवताची उंची हाच निकष असतो. तोही अपुरा आहे, कारण पाण्याचा ताण पडल्यास हे झाड वीतभर असतानाच फुलते. ब्रिटनच्या १९५९च्या तणविषयक कायद्यात भर आहे तो प्रसार रोखण्यावर, आणि नोटीस मिळूनही मालकाने काम न केल्यास शासन ते करून खर्च वसूल करू शकते. आपल्याकडील नियमांचा रोखही असाच असावा.

म्हणून नोटीस रोपावस्थेतच निघावी, तिची मुदत ७ दिवसांहून अधिक नसावी आणि तीत कापणीऐवजी मुळासकट उपटण्याचा स्पष्ट उल्लेख असावा. फुलावर आलेले तण उघड्यावर न टाकता पोत्यात बंद करून हलवणे बंधनकारक करावे. जे मालक वृद्ध आहेत किंवा परगावी राहतात, त्यांच्यासाठी स्थानिक संस्थेनेच वाजवी शुल्कात ही सोय करावी. पुढच्या मोठ्या पावसानंतर त्याच जागेची पुन्हा पाहणी झाल्याशिवाय तक्रार बंद करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक