पत्रा कापणारी पाती फक्त लांबी पाहून घेऊ नका : कौशल्यविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

सरकारी प्रशिक्षण कार्यशाळेसाठी शिअरिंग मशीनची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या मशीनची, पाती मागवताना निविदेत लांबी, भोकांचे अंतर आणि नग एवढेच लिहिले, तर सर्वांत स्वस्त पाते येणारच. ते मशीनला बसेलही. पण पत्रा नीट कापला जाईल की नाही, हे पोलाद आणि त्याचा कडकपणा यांवर ठरते. निविदेत त्यांचा उल्लेखच नसेल, तर माल ताब्यात घेताना कशावर बोट ठेवणार?

साधारण ३ मिमीपर्यंतच्या पत्र्याला डी२, म्हणजेच एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) जातीचे पोलाद योग्य. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते. ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचे माप) कडकपणा दिला की धार खूप टिकते. तेच पाते १२ मिमीच्या प्लेटवर चालवले तर धारेचे टवके उडतात, कारण इतके कडक पोलाद झीज सोसते, धक्का सोसत नाही. जाड प्लेटसाठी धक्का पचवणारे पोलाद घ्यावे आणि कडकपणा ५४ ते ५६ एचआरसीच्या आसपास ठेवावा. म्हणून ‘सर्वांत कडक पाते द्या’ ही अटही चुकीचीच आहे. स्टेनलेस कापायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. साध्या पोलादाचा ६ मिमी पत्रा कापणारे मशीन स्टेनलेसचा साधारण ४ मिमीच पेलते.

पाते कितीही चांगले असले तरी गॅप चुकला की ते वाया जाते, आणि आमचा मुख्य आग्रह इथेच आहे. वरच्या आणि खालच्या पात्यातले अंतर पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के असावे. साध्या पोलादाच्या २ मिमी पत्र्याला ०.१२ ते ०.१६ मिमी पुरतो. गॅप जास्त झाला तर पत्रा पात्यांमध्ये ओढला जातो, कड गोल होते आणि खाली बर, म्हणजे धातूची टोचणारी कोर, येतो. कमी झाला तर कापाच्या कडेवर दोन चकाकते पट्टे उठतात, जोर वाढतो आणि धार तुटते. गॅप बरोबर असेल तर कडेचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग चकाकतो आणि उरलेला खडबडीत, पण सरळ तुटलेला दिसतो. कापलेला तुकडा उजेडात धरून हे ओळखणे प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला यायलाच हवे. १ मिमी पत्र्यासाठी लावलेल्या गॅपवर ५ मिमीची प्लेट घालणे हा पाती मोडण्याचा हमखास मार्ग आहे.

गॅप लावण्याआधी वीज तोडून कुलूप घालावे आणि रॅमखाली, म्हणजे वरचे पाते धरून खाली येणाऱ्या भागाखाली, ठोकळा द्यावा. पात्याची बैठक पुसून कोरडी करावी, कारण तिथे अडकलेला एक कण पात्याला बाक देतो. बोल्ट मधल्यापासून टोकांकडे आवळावेत. मग ठोकळा काढून रॅम सावकाश खाली आणत दोन्ही टोकांना आणि मध्ये फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून गॅप मोजावा. कागदाची पट्टी लांबीभर कापून पाहिली की बोथट जागा लगेच कळते.

धार लावण्याच्या कामात सर्वाधिक नुकसान घाईने होते. एका वेळी ०.०१ ते ०.०२ मिमीच काढावे, घासायचा दगड मऊ बंधाचा (झिजलेले कण सहज सोडणारा) असावा, कूलंट (थंड ठेवणारे द्रव) सतत वाहता हवा. पाते निळे पडले म्हणजे तिथला कडकपणा गेला. त्याखाली केसासारख्या भेगाही असू शकतात आणि त्या पहिल्याच जाड पत्र्याला उघडतात. जोडीतली दोन्ही पाती एकाच वेळी घासावीत. घासून पात्याची उंची कमी झाली तर शिम, म्हणजे पातळ पट्टी, देऊन ती भरून काढावी. जाडी कमी झाली तर गॅप वाढतो, तो पुन्हा लावावा.

चार धारांचे पाते असेल तर एक धार गेल्यावर ते फिरवून लावता येते. ही नोंद मशीनजवळ हवी, नाहीतर तीन धारा कोऱ्या असताना पाते भंगारात जाते. नेहमी एकाच टोकाला अरुंद पट्ट्या कापल्या तर तेवढाच भाग झिजतो, म्हणून पत्रा घालायची जागा बदलत राहावी. गोल सळई, वेल्डिंगचा सांधा आणि एकावर एक ठेवलेले दोन पत्रे या मशीनवर कापू नयेत.

म्हणून मागणी अशी : निविदेत पोलादाची जात, कडकपणा, कापायचा धातू आणि जास्तीत जास्त जाडी लिहावी. पाते स्वीकारण्यापूर्वी कडकपणा दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशा किमान तीन जागी तपासावा. धार लावण्याचा खर्च पात्यांच्या खरेदीबरोबरच मंजूर व्हावा. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत पत्रा कापण्यासोबत गॅप लावण्यालाही गुण असावेत.

आपले,
पत्र्याचे काम करणारे आणि पात्यांना धार लावणारे कारागीर