टकटक थांबवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

पत्रबित्र तुम्हाला आवडायचं नाही, माहीत आहे. त्या दिवशी मी दोन शब्द बोलायला गेलो, तर तुम्ही हात पुसत म्हणालात, "निघा आता, घोडबंदरचं ट्रॅफिक सुरू होईल." म्हणून इथे, चारचौघांत लिहितोय.

आमची एमजीए १५०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाबांनी तिशीत असताना दादरच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली. तेव्हाच ती जुनी होती. आई तिला शेवटपर्यंत 'सवत' म्हणायची. दिवाळीनंतर ही सवत पेट्रोल गाळायला लागली. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन एसयू कार्बोरेटर आणि त्यांच्या बरोब्बर खाली तापलेला एक्झॉस्ट, मध्ये आड काय तो एक पत्रा. पेट्रोलचा वास आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

तुमच्याआधी तीन गॅरेजं झाली. पहिल्याने पाइप बदलले. "इथेनॉल, साहेब. रबर खातं." खातं, खोटं नाही. पण गळती थांबली नाही, तर त्याने तेच नवे पाइप पुन्हा बदलले आणि पुन्हा बिल लावलं! दुसऱ्याने एमसील थापलं. तिसरा म्हणाला, हे सगळं काढून मारुतीचा कार्बोरेटर बसवू. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

बाबा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, "पंप थांबत नाहीये रे." किल्ली फिरवली की मागचा पंप टकटकतो आणि कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या, म्हणजे फ्लोट चेंबर, भरले की गप्प होतो. तो गप्प होत नव्हता. बाबांना आता दिसतं कमी, पण कान शाबूत आहेत. तरी ते बोलायला लागले की समोरचा माझ्याकडे बघायचा. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्येही तेच. प्रश्न म्हाताऱ्याचा, उत्तर मुलाला. आणि मी तरी काय, "हो हो, बाबा" म्हणून विषय बदलायचो.

तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी स्टूल सरकवून त्यांना बसवलंत आणि विचारलंत, "काय ऐकू येतंय, बाबा?" मग किल्ली फिरवून तुम्ही दोघं मान तिरकी करून ऐकत राहिलात. वागळे इस्टेटच्या त्या गोंगाटात, गाणं ऐकावं तसं.

पुढच्या चेंबरमधून तुम्ही पितळी फ्लोट बाहेर काढलात, पेट्रोलवर तरंगणारा आणि चेंबर भरलं की सुई दाबून पेट्रोल बंद करणारा पोकळ डबा. स्वतःच्या कानाशी एकदा हलवलात. मला वाटलं, आता मला समजावून सांगणार. तुम्ही तो फडक्याने पुसलात आणि बाबांच्या कानाशी धरलात.

आत पेट्रोल डुचमळत होतं. हवा असायला हवी तिथे पेट्रोल! बाबा हसले. "बुडतोय हा. सुई कुठून बंद करणार?" तुम्ही म्हणालात, "तुम्हीच सांगितलंत ना, पंप थांबत नाही."

बाकीचं मी अर्धवट बघितलं. फ्लोट गरम पाण्यात बुडवल्यावर एका जागेवरून निघालेले बारीक बुडबुडे, आणि तिथे दिलेला कथलाचा डाग. फ्लोट जड होऊ नये, पेट्रोलची पातळी बिघडू नये म्हणून तुम्ही किती वेळ घासत बसला होतात! जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या, वाळलेल्या बुचांच्या जागी घालायची नवी बुचं रात्रभर तेलात भिजत ठेवलीत, तेवढ्यासाठी गाडी एक दिवस जास्त ठेवून घेतलीत. बिल बघून मी पुन्हा विचारलं, एवढंच? तुम्ही म्हणालात, "पार्ट कुठे लागला?"

आता बाबा रोज सकाळी खाली जाऊन नुसती किल्ली फिरवतात. टकटक होते, थांबते. मग वर येऊन चहा मागतात. पंधरवडा झाला, पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही.

त्यांनी निरोप दिलाय. रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ खायला यायचं, ते स्वतः न्यायला येणार. येताना गाडी मीच चालवीन, पण सीट दोनच आहेत. तेव्हा जाताना तुम्ही त्यांच्या शेजारी बसा आणि चालवा. मी मागून रिक्षाने येतो.

तुमचा,
नौपाड्यातला एमजीएवाला