विषय क्र. 6

कोल्हापूर,
रविवार, दुपार

चि. बाळ हिला आईचा प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं जे झालं, त्यावर परत फोनवरच बोलायचं म्हटलं तर माझा आवाज चढणार आणि तू "नेटवर्क जातंय" म्हणून ठेवून देणार. म्हणून हे पत्र. उपासनेहून आलो, जेवणं झाली, पप्पा आडवे झालेत. तास-दीड तास मला कोणी हाक मारणार नाही.

तू फॅमिली ग्रुपवर फोटो टाकलास तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या बोटानंच उघडला. तू माझी इरकल नेसून क्वायरमध्ये उभी, पुढं दोन बायका, दोघींच्या हातात फुलं. मला वाटलं, एक नवरी आणि एक करवली. मग खालचं वाचलं, "आमच्या चर्चमधलं लग्न." परत फोटो मोठा करून बघितला. करवली नव्हती. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच, वर लगेच थोरल्या काकांचा फोन, मग मावशीचा. मी तुला "आधी तो फोटो काढ" म्हणाले आणि तू काढलास. अकरा मिनिटं होता म्हणे ग्रुपवर. त्यानंतर मी जे बोलले, तिकडं स्कॉटलंडला पाठवून चूक झाली वगैरे, ते मागं घेते. चूक झालेली नाही.

पण माझं मत तुझ्यासारखं झालंय असं समजू नकोस. तू सांगितलंस की तुमच्या चर्च ऑफ स्कॉटलंडनं 2022 च्या मे महिन्यात 274 विरुद्ध 136 मतांनी हे मंजूर केलं आणि ज्या पाळकाला मान्य नाही त्याच्यावर सक्ती नाही. आकडा ऐकून मला आधी काय वाटलं सांगू? त्या 136 जणांचं पुढं काय झालं? ते दुसऱ्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसले का? आपल्याकडं कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळ्यावरून वाद झाला तर माणसं दोन वर्षं तोंड बघत नाहीत.

गेल्या शनिवारी थोरल्या काकांकडं प्रार्थना होती. सगळं खानदान जमलेलं. प्रार्थना वीस मिनिटांची आणि तुझा फोटो दोन तास. पास्टर दादा बायबलातला लेवीय 18 काढूनच बसला होता. त्याची मंडळी पेंटेकॉस्टल, तिथं असल्या गोष्टीला एकच उत्तर, पश्चात्ताप. त्याचं म्हणणं, हा विषय काढायचाच नाही. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी काढला आणि 2019 ते 2023 मध्ये त्यांच्या जवळजवळ पाव मंडळ्या बाहेर पडल्या. उरलेल्यांनी 2024 ला अशा लग्नांवरची बंदी उठवली. "बोलायला बसलात की फुटता, काकी," म्हणाला. त्याला खोडून काढायला माझ्याकडं काही नव्हतं, कारण फुटले हे खरंच आहे.

मग वसईची काकू. तिचं तुला माहीतच आहे, पोपसाहेबांवर कोणी बोललं की पदर खोचते. म्हणाली, आमच्याकडं लग्न नाहीच, पण 18 डिसेंबर 2023 ला रोमनं अशा जोडप्याला आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. मी विचारलं, म्हणजे कसा? तर म्हणाली, लग्नाचे कपडे नकोत, विधी नको, नोंदणीच्या दिवशी नको. पुढं रोमनं खुलासाही केला, दहा-पंधरा सेकंदांची साधी प्रार्थना. बाळ, मी छत्तीस वर्षं इंजेक्शनं दिलीत. दंडाला स्पिरिट लावून ते वाळायलाच तेवढा वेळ लागतो. पण तेवढ्यालाही आफ्रिकेतल्या बिशपांनी पुढच्याच महिन्यात नाही म्हटलं. काकूच्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात अशी कृती मुळात विपरीत आहे असंही लिहिलंय आणि त्या माणसांना आदरानं, कळवळ्यानं वागवा असंही लिहिलंय. मी म्हटलं, दोन्ही एकाच ग्रंथात? "दोन्ही," ती म्हणाली आणि माझ्या ताटात पांढरा रस्सा वाढला.

दादाचा आणखी एक मुद्दा होता, की ही बाहेरची हवा. यावर मात्र मी गप्प बसले नाही. अरे, आपण कुठल्या हवेनं आलो? 1852 साली वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले, 1870 पासून ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, आणि आपल्या पणजोबांना अक्षर आणि शास्त्र दोन्ही तिथूनच मिळालं. त्याच अमेरिकन मंडळीनं 2014 साली पाळकांना अशी लग्नं लावायची मोकळीक दिली आणि 2015 मध्ये नियमपुस्तकातली लग्नाची व्याख्याही बदलली. माहेरच बदललंय, आता सासरच्यांनी काय म्हणायचं? आणि असल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलमही साहेबाचंच, 1860 च्या कायद्यातलं. ते राहावं म्हणून सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स होती, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होतं. एरवी एका टेबलाला प्रभुभोजन न घेणारे आपण तिथं मात्र एका बाकावर! 2013 ला ते जिंकले, 2018 ला राजीखुशीनं राहणाऱ्या सज्ञान माणसांपुरतं ते कलम गेलं. आणि बाहेरची हवा म्हणावं तर लुगडं नेसलेला यल्लम्माचा जोगता डोक्यावर देवीचा जग घेऊन गल्लीत आला की शेजारच्या बायका सूप घेऊन दारात येतात, हे मी जन्मापासून बघतेय. त्याला कुठल्या साहेबानं शिकवलं?

पप्पा एवढा वेळ रस्सा भुरकत होते. तुझे पप्पा बोलतात कमी, पण बोलले की मुद्द्याचं. म्हणाले, 1998 च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी ठराव केला की हे शास्त्राशी जुळत नाही. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून झाली, तीही त्याच अँग्लिकन कुटुंबातली, म्हणून तो ठराव इकडंही सगळे सांगतात. पण त्याच ठरावात असंही आहे की या माणसांचे अनुभव आम्ही ऐकून घेऊ. "पहिलं वाक्य पाठ आहे सगळ्यांना," पप्पा म्हणाले, "दुसऱ्याचं काय केलं आपण?" टेबलावर कोणी काही बोललं नाही. दादानं पापड मोडला.

हे मी तुला सांगितलं नव्हतं, पण ते दुसरं वाक्य आपल्याकडं एकदा दारापर्यंत आलं होतं आणि दार लावणाऱ्यांत मी होते.

गेल्या वर्षी तरुण संघाच्या पोरांनी अर्ज दिला. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानं अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, पोरांनी पेपरात वाचलेलं, त्यावरून त्यांच्यात आधीपासून चर्चा चालू होती. नागपूरची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस मंडळ्यांनी यावर बोलावं म्हणून कधीपासून सांगतेय, तिथून कोणीतरी वक्ता बोलवा, एक संध्याकाळ द्या, एवढंच मागणं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या आम्हा वडिलांच्या सभेत अर्ज आला. बाळ, नऊ शिकलेली माणसं आणि एकाच्याही तोंडून तो शब्द निघेना. "तो विषय", "तसला प्रकार", "पोरांचं ते". चिटणीसांनी वहीत लिहिलं, "विषय क्र. 6 : इतर." पाळकसाहेब म्हणाले, आत्ता वेळ योग्य नाही. मग हात वर करा म्हटलं. माझाही वर झाला. सभेनंतर कॉफी आणि बटाटेवडे होते. मी दोन खाल्ले.

मी त्या सभेत कशी आले, तुला आठवतं? मला वडील करायचं ठरलं तेव्हा किती गदारोळ! एक तर शब्दच 'वडील', तू शाळेतून येऊन विचारलेलंस, "आई, तू वडील झालीस तर पप्पा कोण?" लोकांनी 1 करिंथ 14 दाखवलं, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. वचन तिथं आहे, पुसून टाकता येत नाही. तरी दोन वर्षं बोलणं झालं, भांडणं झाली, आणि एक दिवस मी प्रभुभोजनाचं ताट हातात घेऊन बाकांमधून चालले. ज्यांनी विरोध केला त्यांनीही माझ्या हातून भाकर घेतली. बोलणंच झालं नसतं तर? हे मला वहीतल्या क्र. 6 च्या वेळी आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं.

तू रोमकरांस पहिल्या अध्यायाचा जो नवा अर्थ सांगितलास, तो मला पटला नाही हे लिहून ठेवते. मी तो तीनदा वाचला. पौलानं जे लिहायचं ते सरळ लिहिलंय, उगीच वळवू नये. पण अध्यायांचे आकडे पौलानं घातलेले नाहीत, ते पुष्कळ नंतरचे. पहिल्या अध्यायावरून न थांबता वाचत गेलं की लगेच दुसऱ्याचं पहिलं वचन येतं, दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसाचं. तिथं मी अडकलेय. त्याच्या पुढं अजून गेले नाही.

आणि तिथं अडकायचं कारण पेटीवाले.

तू तेव्हा अगदी लहान होतीस, तुला ते आठवणार नाहीत. उपासनेला पेटी वाजवायचे. ना. वा. टिळकांचं पद असलं की भाता असा हलका मारायचे, की गाणाऱ्याला श्वास कुठं घ्यायचा ते कळावं. लग्न केलं नाही. रंकाळ्याच्या अंगाला एका घड्याळ दुरुस्तीवाल्याबरोबर राहायचे, हिंदू माणूस, वीसेक वर्षं एका घरात. आम्ही सगळे म्हणायचो, "दोस्ती असावी तर अशी." सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच दोस्ती म्हणायचो.

1996 च्या पावसाळ्यात पेटीवाले माझ्याच वॉर्डात आले. आतडं फुटलेलं. घड्याळवाले दिवसभर कॉटशेजारी स्टुलावर. एकदा मी सलाईन बदलायला गेले तर ते पेटीवाल्यांची नखं कापत होते. माणूस शुद्धीत नाही, अन् हे एकेक बोट चिमटीत धरून, डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून. मला बघून म्हणाले, "नखं वाढली की पट्टी खडखडते, त्यांना चालत नाही." ऑपरेशनच्या कागदावर नात्याचा रकाना होता. त्यांनी लिहिलं, मित्र. मी तो कागद परत दिला. नियमच होता जवळच्या नातेवाइकाचा. सांगलीहून भाऊ यायला रात्र झाली. सही भावाची घेतली, आणि भावाच्या सांगण्यावरून यांना बाहेर काढलं. कोणी काढलं? ड्युटीवरच्या सिस्टरनं. "भेटायची वेळ संपली," असं म्हणाले मी. दोन दिवसांनी पहाटे पेटीवाले गेले तेव्हा घड्याळवाले जिन्याखाली छत्री घेऊन बसलेले होते.

कबरस्तानात सगळ्यांनी मूठमाती दिली. ते फाटकाजवळच्या नळापाशी उभे राहिले. त्यांना कोणी 'या' म्हटलं नाही. मीही नाही. आठवड्यात भाऊ आला आणि पेटी रिक्षात घालून घेऊन गेला.

तुझ्या त्या दोघींच्या लग्नाला मी अजून लग्न म्हणू शकत नाही बाळ, जीभ वळत नाही. पण त्यांना निदान रकान्यात काय लिहायचं ते माहीत आहे.

मंगळवारी मी घड्याळवाल्यांकडं जाऊन आले. काहीतरी निमित्त हवं म्हणून आपलं हॉलमधलं बंद घड्याळ पिशवीत घातलं. दुकान कधीच बंद झालंय, घरीच बसतात, ऐंशीच्या पुढं गेलेत. मला ओळखलं नाही. मी सांगितलं, तेव्हाची सिस्टर. बराच वेळ घड्याळाच्या मागचं झाकण उघडत राहिले. मग विचारलं, "ती पेटी वाजवतंय का कोण?" मला माहीत नव्हतं. चहा केला त्यांनी, साखर जास्त. पैसे घेतले नाहीत.

विषय परत काढायचा तर पाच वडिलांच्या सह्या लागतात. माझी धरून दोन झाल्यात. दुसरी कोणाची ते ऐकून तुला हसू येईल, माझ्या वेळी 1 करिंथ 14 घेऊन आलेल्यांचीच. म्हणाले, "मत विरुद्धच देणार, पण बोलू तरी." या वेळी अर्जात शब्द पूर्ण लिहायचा, असं मी चिटणीसांना सांगितलंय.

फोटो परत टाक ग्रुपवर. मी खाली अंगठा वगैरे देणार नाही, एवढ्यात अपेक्षा करू नकोस. पण काढ म्हणणार नाही, आणि काकांचा फोन आला तर मी बघते. इरकलीचा पदर मात्र नीट लावत जा, काठ आत गेलाय. आणि त्या दिवशी कुठलं गीत म्हटलंत ते कळव.

तुझी,
आई

ता. क. कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी कुरिअर केलीय. मागच्या वेळी डबा फुटला होता, म्हणून या वेळी तीन पिशव्या घातल्यात.