एका मराठी शब्दापुढे दोन इंग्रजी शब्द

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. शब्दार्थांची वही मात्र जुनीच राहिली: इंग्रजी शब्द, बरोबरचे चिन्ह, पुढे एक मराठी शब्द. 'शेड' म्हणजे सावली आणि 'शॅडो' म्हणजेही सावली. मग सहावीतला मुलगा बैल निंबाच्या 'शॅडो'त बांधतो आणि आपण लाल रेघ मारतो. चूक त्या बरोबरच्या चिन्हाची आहे. ऊन अडून गारवा मिळतो ती जागा 'शेड', जमिनीवर उमटणारा वस्तूचा काळा आकार 'शॅडो'. बैल शेडमध्ये बसतो. त्याची शॅडो सकाळी लांब पडते, दुपारी पायांशी येते. मैदानात एकमेकांच्या शॅडोभोवती चुन्याची रेघ ओढायला लावा, आकाराची गोष्ट लगेच ध्यानात येते.

सर्वात जास्त घोळ 'बॉरो' आणि 'लेंड'चा. मराठीत 'उसने' एकच, दिशा सांगतात 'घेणे' आणि 'देणे'. इंग्रजीत दिशा क्रियापदातच असते, म्हणून मुले 'बॉरो मी युअर पेन' लिहितात. नुसता अर्थ सांगून हे सुटत नाही, पुढे येणारा शब्दही सोबतच शिकवावा लागतो: बॉरोपुढे 'फ्रॉम', लेंडपुढे 'टू'. फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून आणला तर आपण 'बॉरोड', शेजारी 'लेंट'. पंप तोच, व्यवहार तोच. वाक्याचा कर्ता कोण एवढेच पाहायचे. त्याच्या विहिरीवरची मोटर तिथेच चालवून पाणी घेतले तर मात्र 'यूज्ड'.

'पाहणे' शिकवायला जागलीसारखे उदाहरण नाही. जागल्या रात्रभर पिकावर नजर ठेवतो, ते 'वॉच'. सळसळ झाली की मान वळवून तिकडे टॉर्च मारतो, ते 'लुक ॲट'. रानडुक्कर दिसते, ते 'सी'. इथे आपली मराठीच मदतीला येते: 'सी' म्हणजे दिसणे, 'हिअर' म्हणजे ऐकू येणे, 'लिसन टू' म्हणजे कान देऊन ऐकणे. फक्त 'मला दिसत आहे'चे 'आय ॲम सीइंग' होऊ देऊ नका, तिथे 'आय कॅन सी'. 'से' आणि 'टेल'चा नियम सोपा आहे: टेलला ऐकणारा लगेच लागतो, 'टोल्ड मी', सेला लागत नाही. 'टेल अ स्टोरी', 'टेल अ लाय' असे अपवाद आधीच सांगून ठेवावेत.

बारीक फरक करणे आपल्या मुलांना परके नाही. शेतातली पऱ्हाटी (कपाशीचे झाड), वेचलेला कापूस, जिनिंगमधून सरकी काढून निघालेली रुई, या तिन्हींना इंग्रजीत 'कॉटन' म्हटलेले चालते; आपल्याकडे त्यांची गल्लत दुसरीतले पोरही करत नाही.

म्हणून वहीत तीन रकाने करावेत: शब्द, त्यापुढे काय येते, आणि गावातले एक वाक्य. दिवसाला एकच जोडी. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये क्रियापदाची जागा रिकामी ठेवून फळ्यावर लिहावीत. जोडीतले दोन्ही शब्द माहीत असूनही मूल अडते ते तिथेच. आपल्या शालेय पुरवणीत शब्दांच्या याद्यांऐवजी आठवड्याला अशी एक जोडी वाक्यांसह छापावी, ही विनंती.

– इंग्रजीचे एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ