मूर्ती शाडूची, मग रंग कसला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की सांगलीत शाळाशाळांत शाडूच्या मूर्तीची वर्कशॉप सुरू होतात, फार चांगली गोष्ट आहे, पण मूर्ती वाळली की तिच्यावर सर्रास ऑइल पेंट नाहीतर सोनेरी स्प्रे मारतात आणि मग ती जाते कृष्णेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या गाइडलाइन्समध्ये मूर्तीच्या मातीबरोबर रंगांबद्दलपण सांगितलंय, की पाण्यात विरघळणारे, बिनविषारी, नैसर्गिक वापरा. आपण ते मातीपुरतंच ऐकलं.

मी चित्रकलेचे क्लास घेते. बारीक रेघ मारायची असली की पोरं ब्रश ओठांत धरून टोक काढतात, कितीही ओरडा, हात आपोआप तोंडाकडे जातोच. म्हणून क्रोम यलो, कॅडमियमचे रंग मी क्लासमध्ये येऊच देत नाही, क्रोम यलोत तर शिसं असतं. ब्रश धुवायचं टर्पेंटाइनही नाही. मोठ्या मुलांना ऑइल शिकवताना ब्रश जवसाच्या तेलाने पुसून मग साबणाने धुतो, फक्त ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, पसरून वाळवायची, कारण ती आपोआप पेट घेऊ शकतात.

छोट्यांना गेरू, पिवळी माती, काजळी एवढं पुरतं. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळायचा आणि रंगात थोडाथोडा घालत खलायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो, आणि हे पोरांना सांगावं लागत नाही, हाताला कळतं. हळद तर आपल्या सांगलीचीच! खायचा सोडा कालवलेलं पाणी लागलं की लालसर होते, पोरं जाम खूश. मात्र उन्हात रंग उडतो, आणि हळकुंडं आणून घरी दळलेली बरी, कारण सुट्या पावडरीत लेड क्रोमेटची, म्हणजे त्या शिशाच्या क्रोम यलोचीच, भेसळ सापडलेली आहे.

आणि नैसर्गिक म्हटलं की सेफ, असं अजिबात नाही हो. जुन्या चित्रांतला पिवळा हरताळ आणि लाल हिंगूळ दोन्ही खनिजंच, पण एकात आर्सेनिक, दुसऱ्यात पारा.

शाळा जूनमध्ये सामानाची यादी देतात त्यात नुसतं ‘पोस्टर कलर १२ शेड’ असतं. त्याऐवजी डब्यावर काय छापलंय ते बघून यादी करा, ब्रश धुण्याआधी रद्दीला पुसायला लावा, रंगाचं पाणी बेसिनमध्ये न ओतता बादलीत ठेवून गाळ खाली बसू द्या. आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने ड्रॉइंगच्या शिक्षकांसाठी यावर एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवावं, यंदा गणपतीच्या आधीच.

— एक चित्रकला शिक्षिका, सांगली