बागेतल्या टॉवरबाबत, अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
गृहनिर्माण सहकारी सोसायटी, फोंडा

विषय: बागेत मोबाईल टॉवर उभारण्यास हरकत

मा. अध्यक्ष महोदय,
स.न.वि.वि.

गणपतीची चवथ करून गावाहून परतले तर बागेत चार खुंट्या ठोकलेल्या आणि बकुळीच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा. टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "हें झाड मदीं येता." कशाच्या मध्ये, ते फलकावर कळलं. टॉवरसाठी बागेचा कोपरा भाड्याने द्यायचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. त्यावरची तारीख ऐन चवथीच्या आठवड्यातली! त्या दिवसांत आपल्या सोसायटीत असतं कोण? जो तो मूळ घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यात. योगायोग असेलही, पण सभासदांना विचारलं असं यावरून कुणी म्हणू नये.

टॉवरच नको, असं आमचं म्हणणं नाही. ए विंगच्या मागच्या खोल्यांत फोन लागत नाही, मीही बोलायला गॅलरीत येते. 2020 च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्याची मुलं वर्गासाठी डोंगर चढत होती, हे आपल्याला ठाऊक आहे. विरोध आहे तो जागेला, आणि ती परस्पर देऊन टाकण्याला.

काही शेजाऱ्यांना टॉवरच्या लहरींची भीती वाटते. त्यांना सभेत हसणं बरं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली या लहरी '2बी' गटात, म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्यांत घातल्या. आता त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, आणि म्हणून मी काही चेपणीची तोरं, म्हणजे मिठातल्या कैऱ्या, टाकून दिलेली नाहीत. आपल्या देशाने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणीही करून घेता येते. म्हणजे हा प्रश्न मोजून सुटण्यासारखा आहे. बागेचा तसा नाही.

टॉवर म्हणजे नुसता खांब नसतो. खाली काँक्रीटचा पाया, यंत्रांच्या पेट्या, जनरेटर, भोवती कुंपण, आणि डिझेल घेऊन येणाऱ्या गाडीला वाट. आपली बाग केवढी? एक घसरगुंडी, दोन बाक आणि ती बकुळ. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आजोबा मंडळी त्याच बाकांवर पाव घेऊन बसतात, पावसाळा सोडला तर बारा महिने. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात वीज गेली होती ते आठवा. पुढच्या वेळी तसंच झालं तर बी विंगच्या झोपण्याच्या खोल्यांखाली रात्रभर जनरेटर धडधडणार. शिवाय बकूळ तोडायची तर 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तिच्यासाठी अर्ज तरी केला आहे का?

लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे हवेत, हे खजिनदारांचं म्हणणं पटतं. त्यासाठी वर्गणी काढा, मी पहिली देईन. पण मंजूर नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेला तुकडा उत्पन्नाला लावायचा अधिकार कार्यकारिणीला कुणी दिला? बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा बंगळूरचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली मोडीत काढला होता. तिथे तर रुग्णालयासारखी कामाची गोष्ट होती. ती बाग सार्वजनिक, आपली सोसायटीची, हा फरक मान्य. तरी आपल्या बागेचे मालक सभासद आहेत, सात जणांची कार्यकारिणी नव्हे.

तेव्हा ठराव स्थगित करून विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, आणि तीही सगळे इथे असतील अशा रविवारी. कंपनीने दिलेला कराराचा मसुदा आणि नकाशा आठवडाभर आधी फलकावर लागू दे. त्याऐवजी सी विंगची गच्ची टॉवर पेलेल का, तेही अभियंत्याकडून तपासून घ्या. सभा टाळली तर गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली निबंधकांकडे जाण्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही. सोबत सह्यांचा कागद जोडला आहे. अजून काही घरं गावाहून परतायची आहेत, त्यांच्या सह्या नंतर देते.

आणि सभा होईल तेव्हा होईल, त्या चार खुंट्या मात्र आजच काढायला सांगा. काल संध्याकाळी पकडापकडी खेळताना तळमजल्यावरच्या धाकटीचा गुडघा फुटला.

कळावे,
आपली,
बी विंग, पहिल्या मजल्यावरील एक सभासद